पिवळ्या गाडीचं पाणी

आमचे घरमालक कधी कुणाला ‘कसं काय’ असं विचारत नसत. ते विचारत, “आवाज येतो का?” पंखा बंद पडला तरी हाच प्रश्न, मिक्सर अडला तरी हाच, आणि शेजारच्या म्हातारीला ताप आला तरी तिच्या दारात उभं राहून हाच. त्यांच्या लेखी बिघाडाच्या दोनच जाती होत्या. आवाज येत असेल तर करंट आहे, दोष पुढं कुठंतरी आहे, शोधला की सापडतो. आवाज येत नसेल तर आधी फ्यूज बघायचा. याच्यापलीकडं जगात काही बिघडू शकतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, हा माणूस एकतर बहिरा आहे नाहीतर चक्रम. बहिरे ते अजिबात नव्हते.

त्यांचं घर भवानी पेठेत. माझे बाबा टॉवेलच्या कारखान्यात गोदामाच्या माळ्यावरून पडले, मणका गेला आणि कमरेखालची ताकदही गेली. जिन्यावरचं घर सोडणं भाग होतं. मी गणवेशाच्या कारखान्यात कटिंगला होते. सुट्टीच्या दिवशी आई आणि मी तळमजल्याच्या खोल्या विचारत हिंडायचो. खोली रिकामी असायची, माणसं गोड बोलायची, मग आडनाव विचारायची, आणि मग ‘घरात विचारून कळवतो’ म्हणायची. कळवलं कुणीच नाही. या घराच्या दारातही आम्ही आडनाव तोंडाशी आणूनच उभ्या राहिलो होतो. मालकांनी विचारलं, “भांडी नळाखाली घासता का परातीत पाणी घेऊन?”

आई गोंधळली. परातीत, म्हणाली. मग या राहायला, ते म्हणाले. मागनं कटकट नको म्हणून आईनं न विचारताच आडनाव सांगून टाकलं. मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“त्याचं मी काय करू? लाइटचं बिल माझ्या नावावर येतं.”

आम्ही राहायला आलो त्या दिवशी आईनं बुद्धाची तसबीर लावली. मालक आत डोकावले, वर बघितलं आणि खिळा तिरका आहे म्हणाले. हातोडी आणून तो सरळ ठोकला आणि निघून गेले. आई नंतर कितीतरी वेळ त्या खिळ्याकडं बघत बसली होती.

पाण्याचा त्यांना एवढा सोस का, ते हळूहळू कळलं. त्यांचे वाडवडील तेलंगणातून आलेले विणकर. घराला लागून मागांची शेड होती. पण मालकांनी स्वतः माग कधी चालवला नाही, ते महापालिकेत चावीवाले होते. म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खाली लांबलचक चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि पेठेला पाणी सोडायचं, वेळ झाली की बंद करायचं. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथं चावीवाल्याचा रुबाब काय असतो ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. मालकांनी रुबाब कधी केला नाही. पण घरात पाण्याचे तीन प्रकार होते, प्यायचं, वापरायचं आणि दुसऱ्यांदा वापरायचं. कपडे धुतलेलं पाणी थेट मोरीत सोडलं तर आमच्याशी दोन-दोन दिवस अबोला.

लग्न होऊन आल्या आल्या मालकीणबाईंकडून एकदा टाकीचा कॉक उघडा राहिला आणि टाकी रिकामी झाली. चावीवाल्याच्याच घरात पाणी नाही म्हणून सगळी पेठ हसली. तेव्हा मालकांनी बायकोला घराबाहेर पडताना कॉक बंद करायचा जो धडा दिला, तो त्या बाईंच्या हाडीमाशी भिनला. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाल्या तरी आधी हात कॉककडं जाणार, मग पिशवीकडं.

आता गाडीचं सांगते. निवृत्त झाल्यावर मालकांनी माग भंगारात घातले आणि रिकाम्या शेडमध्ये एका शाळेनं काढून टाकलेली पिवळी मिनीबस आणून उभी केली. नोकरीत असताना पाण्याची पाळी सोडून त्यांना कुठं मुक्काम करता आला नव्हता. आता घर घेऊनच हिंडायचं, असं त्यांनी ठरवलं. एक बाक ठेवून बाकीची काढून त्यांनी आत एक खाट ठोकली, शेगडी बसवली, हात धुवायला मोरी केली, खिडक्यांना चादरीचे पडदे लावले. मालकीणबाई म्हणायच्या, लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला वेगळं घर मिळालं.

काच धुवायला त्या बसला पुढं एक प्लास्टिकची छोटी टाकी होती. मालकांनी ती काढून टाकली. एका घरात दोन टाक्या कशाला, असं त्यांचं म्हणणं. खाटेच्या उशाशी उंचावर त्यांनी स्वयंपाकाच्या पाण्याची टाकी बसवली होती. तिच्याखाली लाल दांड्याचा कॉक होता. तिथून एक फाटा मोरीच्या नळाला आणि दुसरा, बारीक नळीचा, पार पुढं काचेवरच्या फवाऱ्याला. कॉक खाटेच्या कडेला पेटीमागं होता, उभ्या माणसाला तो दिसतही नसे.

आणि तो फवारा हे मालकांच्या आयुष्यातलं एकमेव न सुटलेलं कोडं होतं. शेडमध्ये बटण दाबलं की काचेवर कारंजं उडायचं. गाडी गावाबाहेर पडली की नुसती मोटर घुरघुरायची आणि पाण्याचा थेंब नाही. मग गाडी कडेला. मालकीणबाई चहा ठेवायच्या. मालक आधी कान लावायचे, आवाज येतो म्हणायचे, म्हणजे फ्यूज नाही, मोटर नाही. मग नळी काढून तोंडानं फुंकायची, फवाऱ्याच्या भोकात सुई घालायची, हत्यारं पुसायची. चहा पिऊन बटण दाबलं की पाणी हजर. हातात शेवटचं जे हत्यार असेल त्याला सगळं श्रेय जायचं. एकदा दोष आमच्या पाण्यातल्या क्षारांचा निघाला, एकदा नळीतल्या हवेचा, आणि एकदा तर या गाडीला अक्कलकोटचा रस्ताच मानवत नाही असा निकाल लागला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बाहेरच्या मेकॅनिकला दाखवा म्हटलं तर त्यांना राग यायचा. गाडीला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

हे सगळं मला इतकं तपशिलात माहीत आहे कारण मालक ते रोज येऊन बाबांना सांगायचे. बाबांनी तेव्हा बोलणं जवळजवळ सोडलं होतं. भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. मालक दारात येऊन विचारायचे, आवाज येतो का. बाबा गप्प. एके दिवशी चिडून बाबा म्हणाले, “येतो की. काय काम हाय?” मालकांचा चेहरा उजळला. फ्यूज शाबूत आहे, म्हणाले आणि स्टूल ओढून बसले ते बसलेच. बाबांना उठून जाता येत नव्हतं, त्यामुळं मालकांना असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. आई हसू दाबायला मोरीत जायची. पण महिन्याभरात बाबा विचारायला लागले, मालक, सुई आतवर गेली का न्हाय? मी कामावरून आले की दोघांचं नळी, मोटर, भोक हेच चाललेलं असायचं. औषधांनी झालं नव्हतं ते त्या फवाऱ्यानं झालं, असं मी आजही सगळ्यांना सांगते.

एकदा गप्पांत बाबांनी आपलं गाव सांगितलं. उजनीच्या काठी आमचं गाव, पण हे नवं. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा बाबा लहान होते. सोलापूरला नळानं येतं ते उजनीचंच पाणी. मालक स्टुलावर पुढं सरकले.

“म्हंजे इतकी वर्षं मी तुमचं गाव चावी फिरवून वाटत व्हतो की.”

बाबा म्हणाले, तसं काय न्हाय, मालक. पण मालक उठून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. आम्हाला वाटलं, काहीतरी चुकलं.

त्याच सुमारास गावाकडून निरोप आला. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, अंथरुणाला खिळली होती. बाबांची आई लवकर गेली, आत्यानंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिला दिसत नव्हतं नीट, पण दिवसातून दहा वेळा विचारायची, माझा भाऊ कवा येनार. तिला आणणं शक्य नव्हतं, आणि बाबांना बसून जाणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स सांगते. बाबांनी साफ नकार दिला.

“ॲम्ब्युलन्समदनं गेलो तर गाव म्हनंल मढं आलं. आक्काला मी तसा दिसायचा न्हाय.”

मी समजावलं, रागावले, रडले. ते भिंतीकडं वळले. पुन्हा ते पहिलं भिंतीकडचं तोंड. आत्या गेली आणि हे गेले नाहीत, तर हा माणूस पुन्हा कधी बोलणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मालकांना हे कुणी सांगितलं कोण जाणे. बहुतेक आईनं. ते आले आणि दारातूनच बाबांना म्हणाले, “भाऊ, उजनीला चाललोय. ज्याचं पाणी पाजलं त्याला एकदा तोंड दाखवून यावं म्हणतो. वाटंत फवारा बंद पडतो. मी पुढं असतो, मागं काय होतं ते मला दिसत न्हाय. मागं झोपून नळीवर लक्ष ठेवायला एक माणूस पायजे.”

बाबांनी भिंतीकडून तोंड फिरवलं. मग आईला म्हणाले, माझा पांढरा सदरा काढ.

सकाळी निघायचं ठरलं होतं. पण मालक ते मालक. फवारा उडतोय का ते बघितल्याशिवाय गाडी हलणार नाही. उडाला. पुन्हा बघितला, पुन्हा उडाला. मग त्यांना संशय आला की फार चांगला उडतोय, आणि त्यांनी नळी सोडवून परत जोडली. बाबा खाटेवर, आम्ही बाकावर, आणि हे बॉनेटखाली. मालकीणबाई दोनदा स्वयंपाक करून मोकळ्या झाल्या. निघायला दुपार टळली.

टेंभुर्णीच्या पुढं हायवे सोडून आम्ही धरणाच्या अंगाच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी, समोरून उसाच्या ट्रॉल्या. त्या पाण्याकाठी सांजेला चिलटांचे ढगच्या ढग उठतात. बघता बघता काच भरली. मालकांनी वायपर लावला आणि त्या चिलटांचं काचेवर पिठलं झालं. बटण दाबलं तर मोटर घुर्र, पाणी नाही. समोरचं काहीच दिसेना. गाडी कडेला घेतली.

मालक उतरले. आवाज येतो, म्हणाले. सुई काढली. मालकीणबाई सवयीनं चहा ठेवायला उठल्या, तेवढ्यात माझा फोन वाजला. आत्याची सून होती. म्हणाली, सासूबाईंना धाप लागलीय, लवकर या, डोळं दाराकडं लावून हायत्या. आईनं मालकीणबाईंचा हात धरला, आता चहा नको म्हणाली. चहा राहिला.

मालकांनी सुई घातली. पाणी नाही. नळी फुंकली. पाणी नाही. मालकीणबाईंनी मोरीच्या नळाचं तांब्याभर पाणी दिलं, मी फडक्यानं काच पुसली. गाडी जरा पुढं गेली की काच पुन्हा भरली. पुन्हा थांबा, पुन्हा तांब्या, पुन्हा फडकं. असं करत आम्ही गावापर्यंत केव्हा पोचणार होतो? मालकांनी हातातली सुई बॉनेटवर ठेवून दिली. या माणसाला मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. ते रस्त्यात उभे राहून म्हणाले, पोरी, माझ्या डोक्यात आता काही येत नाही. आणि तेव्हा मागून बाबांचा आवाज आला. खणखणीत, कारखान्यात मागांच्या खडखडाटात हाक मारायचे तसा.

“वैनी, आता तांब्या भरताना त्यो लाल दांडा उबा केला का न्हाय तुमी? आन् भरून झाल्यावर आडवा केला?”

मालकीणबाई म्हणाल्या, केला की. बंद करायला नको का?

“गाडी निघताना बी केला व्हता. मी बघितला. मालक, दाबा बटन. वैनी, दांडा उबा करा.”

मालकीणबाईंनी दांडा उभा केला. मालकांनी खिडकीतून हात घालून बटण दाबलं. काचेच्या दोन्ही अंगांनी पाणी उडालं, मालकांच्या तोंडावरही उडालं.

मग मालकीणबाईंनी त्यांना त्यांच्या नेहमीच्या हाकेनं, ‘एमंडी’, म्हणजे ‘अहो’, म्हणून हाक मारली आणि हळूच म्हणाल्या, “घर सोडताना कॉक बंद कर, हे तुमीच शिकवलं की.” म्हणजे इतके दिवस असं चाललं होतं. गाडी निघाली की त्या कॉक बंद करत. थांबली की चहासाठी उघडत, कपबशा धुवायच्या म्हणून तसाच ठेवत. मालकांची सुई नेमकी तेवढ्या वेळातच यशस्वी होत होती. जन्मभर पेठेचे व्हॉल्व्ह फिरवलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीतला कॉक सुचला नव्हता. तो उभ्या माणसाला दिसतच नव्हता. आमच्यात आडवा एकच माणूस होता.

मला वाटलं, आता मालक बायकोवर ओरडणार. ते तोंड न पुसताच मागच्या दारानं आत चढले, बाबांच्या पायांशी बसले आणि मोठ्यानं हसायला लागले. बाबाही हसले. पडल्यापासून पहिल्यांदा. मी बाहेर उभी राहून हातातल्या घाणेरड्या फडक्यानंच डोळे पुसले.

गावात पोचलो तेव्हा अजून दिसत होतं. मालकांनी गाडी उलटी घेत घेत मागचं दार थेट आत्याच्या ओट्याला लावलं. भावकीनं आत्याची बाज ओट्यावर आणली. बाबांना उचलावंच लागलं नाही. दोघं हात लांब करून एकमेकांना धरू शकत होते.

आत्यानं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. “पडूनच आलास व्हय रं?”

“व्हय आक्का. तू बी पडूनच हायस की.” आणि मग बाबांनी तिला दुसरं काही सांगितलं नाही, दुखणं नाही, दवाखाना नाही. आख्खी कॉकची गोष्ट सांगितली, सुईसकट. शेवटी म्हणाले, “गाडी मीच आनली म्हन की.” आत्या म्हणाली, तू आनलीस तर बरं झालं. मालक ओट्याखाली उभं राहून एखाद्या शाळेतल्या पोरासारखे मान हलवत होते. आत्या त्यानंतर फार दिवस राहिली नाही, पण ‘भाऊ कवा येनार’ हे तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर पिवळी गाडी बाबांशिवाय कधी हलली नाही. मालक दारात येऊन म्हणायचे, भाऊ, गाडीला तुमची गरज हाय. नातेपुत्याच्या बाजाराला गेलो, अक्कलकोटला गेलो, आणि एकदा तर कारण नसताना नुसतं धरण बघून आलो. प्रत्येक वेळी गाडी सुरू झाली की मालकीणबाईंचा हात कॉककडं जायचा, आणि मागून बाबांची हाक यायची, “वैनी, कॉक.” त्या जीभ चावून दांडा उभा करायच्या. मालक पुढून बटण दाबून खात्री करायचे आणि मगच गिअर टाकायचे. आमच्याकडं प्रवासाचा नारळ हाच होता.

मी एकदा शहाणपणा केला. मालकांना म्हटलं, त्या कॉकचा दांडा काढून टाका की, पान्ह्याचं काम आहे, कटकटच संपेल. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी नळाखाली भांडी घासायला बसले होते. गाडी तुझी हाय का माझी, म्हणाले. मी मनात म्हटलं, चक्रम ते चक्रमच. एवढी साधी गोष्ट पटत नाही.

बाबा गेले ते घरातच, झोपेत. मालक रोज दारात यायचे. आवाज येतो का, असं त्यांनी त्या दिवसांत विचारलं नाही. नुसते स्टुलावर बसायचे, बाबांच्या रिकाम्या खाटेजवळ, आणि उठून जायचे.

पुढं मला जुळे सोलापूरला घर मिळालं. सामान टेंपोनं गेलं. आईला मात्र मालकांनी टेंपोत बसू दिलं नाही, मी सोडतो म्हणाले. गाडी सुरू झाली. मालकीणबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, कॉककडं त्यांचा हात गेला नाही. मागून कुणी हाक मारणार नव्हतं, म्हणून मीच वाकले. आता ते काम माझं, असं वाटलं. पेटीमागं हात घातला आणि बोटांना दांडा लागला नाही. कॉक उघडा होता आणि दांडा काढलेला होता. नुसता लोखंडी खुंटा राहिला होता.

मी मालकीणबाईंकडं बघितलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. दांडा कधी काढला ते मी विचारलं नाही. इतकी वर्षं का काढला नव्हता, ते मला त्या गाडीत वाकल्या जागी कळलं. माझ्या बाबांना त्या माणसानं कधी उचलून नेलं नाही, दर वेळी कामाला बोलावून नेलं. याचे आभार कसे मानायचे असतात ते मला अजून येत नाही.

पुढं मालकांनी बटण दाबलं. पाणी उडालं, काच स्वच्छ झाली. मान न वळवता त्यांनी विचारलं, “आवाज येतो का?”

मी म्हणाले, “येतो, मालक.”

मग त्यांनी गिअर टाकला.